सोडवायची राहिलेली वाट

मुद्रितशोधक म्हणून चौतीस वर्षं काम केलं, त्यामुळे कुठे चूक दिसली की आधी स्वतःकडे पाहायची सवय आहे. हे लिहितानाही वाटतं, माझंच काहीतरी चुकलं असेल.

बायकोला विसरायला होतं. मी सामान आणायला गेलो असताना दोनदा ती मला शोधत रस्त्यावर गेली. दुसऱ्या खेपेला लेकीने बजावलं, "बाबा, आई पुन्हा बाहेर सापडली तर मी तुमचं ऐकणार नाही. तिला संस्थेतच ठेवायचं."

मी नसताना घरातल्या जुन्या संगणकाने माझ्या आवाजात बोलत राहावं, असं मनात आलं. पण ती दिसेल ते बटण दाबायची आणि सगळं बिघडवून ठेवायची. म्हणून पुस्तकांतून शिकत शिकत पेनड्राइव्हवरून चालणारी लिनक्स ही संगणकप्रणाली बांधायला घेतली. तिच्यात काहीही बदला, यंत्र बंद करून सुरू केलं की पुन्हा पहिल्यासारखी. सुरू होताच एकच ध्वनिफीत वाजणार: "मी बाजारात गेलोय. घरातच थांब. दार उघडू नकोस. मी आलोच."

"लग्न ठरताना तोंडातून शब्द फुटला नाही, आता खोक्यातून भाषणं करताय," ती म्हणाली. तो तिचा चांगला दिवस होता.

अशी प्रणाली बांधताना तिच्या आत शिरून काम करावं लागतं, बंद खोलीत जाऊन सामान लावावं तसं. त्यासाठी बाहेरच्या यंत्राच्या दोन-तीन वाटा आत जोडायच्या. काम झालं की बाहेर येऊन त्या सोडवायच्या आणि मगच सगळं दाबून एक फाइल करायची. वाट सोडवायची राहिली तर बाहेरचं आत शिरतं.

माझी एक राहिली. फाइल हिशेबापेक्षा तीस एमबीने मोठी निघाली तेव्हा लक्षात आलं. स्वतःला दोन शिव्या घातल्या, सगळं पुसलं आणि कोऱ्या प्रतीपासून पुन्हा बांधलं. या वेळी एकेक वाट सोडवून कागदावर खूण केली. तीनदा ताडून पाहिलं.

पुन्हा तीस एमबी जास्त.

फाइल उघडली. माझ्या ध्वनिफितीशेजारी आणखी एक होती. नाव नुसतं '२'. इअरफोन लावून ऐकली. तीन मिनिटं रहदारी, भाजीवाल्याची दूरची आरोळी, आणि मग माझा आवाज.

"ये की बाहेर. मी खाली उभा आहे."

रस्त्यावर उभं राहून मी जन्मात काही रेकॉर्ड केलेलं नाही. चारचौघांत मोठ्याने बोलायचीच मला लाज वाटते.

ती फीत काढून टाकली. तिसऱ्यांदा बांधलं. फीत परत तिथेच, आणि आता शेवटी दोन वाक्यं जास्त.

"ऊन आहे, चप्पल घाल. घरात बसलाय त्याला सांगू नकोस."

पेनड्राइव्ह उपटला. संगणकाची वायर भिंतीतून ओढून काढली. सकाळचे अकरा वाजले होते.

बाहेरच्या खोलीत आलो तर ती चप्पल घालून दारापाशी उभी. हात कडीवर.

"कुठे निघालीस?"

"हे खाली उभे आहेत. केव्हाचे हाका मारतायत."

मी इअरफोन लावून ऐकलं होतं. खोलीत आवाज झालाच नव्हता.

"अगं, मी इथे आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. नजरेत नेहमीचा गोंधळ अजिबात नव्हता.

"तुम्ही बसा ना," पाहुण्याला म्हणावं तसं ती म्हणाली, आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला सांगू नको म्हणालेत."

मी तिचा हात कडीवरून काढला. वरची कडीही लावली. ती भांडली नाही.

"आता त्यांना वर यावं लागणार," ती म्हणाली. "गुडघे दुखतात हो त्यांचे."

जिन्यात पावलं वाजली. चार पायऱ्या, मग थांबणं. पुन्हा चार.

मग दाराबाहेर.

पायपुसण्यावर कोणीतरी पाय पुसले. डावा दोनदा, उजवा एकदा.

मी तसेच पुसतो.