मानाची टोपली

खैरसड्याच्या खड्ड्यात शहरांचं विष ओतायला सुरुवात झाली, त्या सकाळी गावानं फटाके लावले. दारात विष आलं म्हणून कुणी फटाके लावतं का? पण २०६१ साली खैरसड्यानं लावले, आणि का लावू नयेत! कोकणच्या लाल मातीनं भल्याभल्यांना चकित केलं होतं.

ही जांभ्याची माती म्हणजे मुळात चाळणी. हजारो वर्षांच्या पावसानं तिच्यातलं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलेलं. उरलं ते लोखंड आणि भोकं. कचऱ्याच्या खड्ड्याला हिचं अस्तर लावायचं म्हटल्यावर तज्ज्ञ हसले होते. डॉ. शमीम परकार मात्र हटल्या नाहीत. त्यांनी मातीत चुना मिसळला आणि त्यात सोडले ‘लिंपक’, म्हणजे भोकं लिंपणारे सूक्ष्मजीव.

“पाणी हललं की यांना भूक लागते,” त्या सरपंच गंगाराम आग्र्यांना डोळे मोठे करून सांगत होत्या. “जिथं गळती तिथं धावतात, वाढतात आणि चुन्याचा दगड करून भोक बुजवतात. काका, वर्षभर तपासलंय. एक थेंब खाली उतरला नाही!”

“अगो बाय!” काका खूश झाले. “मंग आता मानाची टोपली झालीच पायजे.”

खैरसड्यात जमीन खोदली, की तिथली टोपलीभर माती देवीच्या झऱ्यावर परत नेऊन घालायची रीत. शमीमबाईंना इतका आनंद झाला होता की त्यांनी टोपली स्वतःच्या डोक्यावर घेतली. अस्तराची उरलेली माती वाजतगाजत झऱ्याच्या तोंडाशी पडली. त्यात वावगं काय? टोपलीभर तर माती!

देवीचा झरा आणि विषाची गळती यांतला फरक लिंपकांना कुणी शिकवला नव्हता.

दिवाळीनंतर झरा बंद पडला. शमीमबाई धावत आल्या. कातळाला भोक पाडून नमुना पाहिला आणि त्या आधी हरखल्याच. “काका, कातळाच्या पोटातून हे थेट खड्ड्यापर्यंत पोचलेत! एवढी वाढ कुणी स्वप्नातही...”

काकांच्या हातात रिकामी कळशी होती. ती पाहून त्यांनी नमुना खाली ठेवला.

“मारा की त्यांना,” काका म्हणाले. “औषाद असंल ना?”

“आहे. त्यानं यांनी केलेला दगडही विरघळतो. पण ते एका लिंपकाकडून दुसऱ्याकडे जातं. इथले मेले की खड्ड्याच्या अस्तरातलेही मरणार.”

“म्हंजे पानी सुटंल, पन इख घेऊन.”

“हो.”

काकांनी कळशी कातळावर उपडी ठेवली. “ऱ्हाऊ दे बंद. आमी कुठनं तरी पानी आनू. इख सुटला तर खालची गावा मरतील. त्यांचे झरे तरी...”

बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला.

“काय झालं, काका?”

“बाय, तुझ्या मातीचा लय नाव झाला व्हता. गनपतीत खालच्या सगल्या गावांनी आपापल्या झऱ्यासाटी मानाची टोपली मागून नेली. मीच भरून दिली.”