पहिल्या फोटोतला हात

खरं तर त्या सकाळी काउंटरवर मी असायलाच नको होते. माझी जागा मागे, डार्करूममध्ये. पण काउंटरवरचा माणूस चहाला गेला होता. मी ओले हात पुसत बाहेर आले, तर समोर एक उंच, उन्हानं रापलेला माणूस हातात मोठा फोटो घेऊन उभा.

"हा समुद्र कुणी केलाय?"

"मी. का?"

"असा निळा नव्हता हो तो. हिरवट होता... कसं सांगू... जाड काचेच्या कडेसारखा."

"तुमच्या समुद्रावर मी कधी गेले होते?" मी म्हटलं. "तिथला उजेड कसा होता ते तुम्हाला माहीत. मी आपली अंदाजानं रंग जुळवते."

तो म्हणाला, "चला मग."

"कुठे?"

"समुद्रावर. बघून या एकदा."

मी हसू दाबलं आणि ड्रॉवरमधून एक कार्ड काढून त्याच्यासमोर ठेवलं. पोस्टकार्डाएवढं, त्यावर पांढरा, करडा, लाल, हिरवा, निळा, पिवळा असे चौकोन. "त्यापेक्षा हे न्या. प्रत्येक रोलचा पहिला फोटो याचा काढा, तिथल्या उजेडात. असंच दुसरं कार्ड माझ्याकडे आहे. दोन्ही जुळली की बाकीचे रंग आपोआप खरे येतात."

"आणि हे धरणार कोण? मी एकटाच फिरतो."

"डाव्या हातात धरा. हात आला फोटोत, तर येऊ दे."

येऊ दे, म्हणाले मी... अगदी सहज.

तो मासिकांसाठी देशोदेशी फिरून फोटो काढायचा. लॅबमध्ये आम्ही त्याला भोवरा म्हणायचो. त्याचे रोल पोस्टानं यायचे, आणि पाकिटावर पुढच्या मुक्कामाचा पत्ता लिहिलेला असायचा. लाल वाळूचे डोंगर, रंगाऱ्यांची जांभळी कुंडं, पिवळ्या गवतातले काळेभोर घोडे... जगातले सगळे रंग मी त्या खिडकी नसलेल्या खोलीत पाहिले. पण या सगळ्याच्या आधी, प्रत्येक रोलवर, तो हात असायचा.

दोन वर्षांत तो हात मला पाठ झाला. अंगठ्याच्या मुळाशी जुना व्रण. कधी नखांत माती. एकदा बोटाला पट्टी होती, त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. रोलबरोबर चिठ्ठी असायची, "हात धुतलाय, आज तक्रार नको." मी उलट लिहायचे, "नखं वाढलीत." एकदा मात्र त्याच्या अंगठीच्या बोटाला लाल दोरा दिसला. आठवडाभर मला काही सुचेना. मी एका शब्दानं विचारलं नाही. पुढच्या पाकिटात चिठ्ठी आली, "तो दोरा पार्सलचा होता, हरवू नये म्हणून गुंडाळलेला. तुम्ही विचारणार नाही, म्हणून सांगतो."

"तुझं लग्न पोस्टमनशीच लावून देऊ का?" आई म्हणायची. "त्याचीच तर वाट बघत असतेस."

मग मिठागरांचा रोल आला.

पहिली प्रत काढली तेव्हा हात जरा पिवळट वाटला. म्हटलं, संध्याकाळचं ऊन असेल. आमच्या कामात पिवळेपणा उतरवायचा तर यंत्रात पिवळाच फिल्टर वाढवतात. ऐकायला उलटं वाटतं, पण तसंच असतं. मी तो वाढवला. हात पुन्हा माझ्या ओळखीचा, गव्हाळ झाला. मी खुशीत सगळे फोटो काढून मासिकाकडे पाठवून दिले.

सहाव्या दिवशी मालक डार्करूमच्या दाराशी आले. "अगं, भोवऱ्याचं मीठ परत आलंय."

"म्हणजे?"

"निळं दिसतंय म्हणे. खरंच दिसतंय. इतक्या वर्षांत तुझं काही परत आलं नव्हतं. लक्ष कुठे असतं?"

मी फोटो खिडकीशी नेले. मीठ निळसर होतं, कामगारांचे पांढरे सदरे निळसर होते. पहिला फोटो माझ्या कार्डाशेजारी धरला. त्यातला पांढरा चौकोनही निळसर... आणि तेव्हा कळलं. मी कार्ड जुळवलंच नव्हतं. कार्ड सोडून मी हात जुळवला होता.

धावत आत गेले आणि पुन्हा प्रत काढली, या वेळी फक्त कार्डाकडे बघून. पांढरा पांढरा झाला, करडा करडा झाला. आणि त्या खऱ्या रंगांना धरलेला हात पिवळा धमक होता. नखंसुद्धा.

मी अकरा वर्षांची असताना माझ्या वडिलांची नखं तशीच झाली होती. ते म्हणायचे, थकवा आहे, उतरेल. महिन्याभरात ते गेले.

मी बोटांवर मोजलं. पाकीट यायला नऊ दिवस, त्यावर माझे सहा. पंधरा दिवस तो माणूस परक्या गावात ती कावीळ घेऊन फिरत होता. त्याला सांगणारं कुणी नव्हतं, आणि जिला दिसलं तिनं फिल्टर लावून ते पुसून टाकलं होतं.

तार ऑफिसातल्या कारकुनानं माझा कागद दोनदा वाचला. "'तुमचा हात पिवळा आहे. आजच डॉक्टर गाठा.' बाई, हे काही सांकेतिक आहे का?"

"नाही. आहे तसंच पाठवा."

उत्तर आलं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. डार्करूममधल्या काळोखाची मला कधी भीती वाटली नव्हती, ती तेव्हा वाटायला लागली. लोकांच्या बारशांचे, लग्नांचे फोटो पाण्यात हळूहळू उमटायचे, आणि प्रत्येकात मी आधी हात बघायचे. पोस्टमन आला की आई आता चेष्टा करत नव्हती. तीच आधी दाराशी जायची आणि माझ्याकडे न बघता परत यायची.

चोविसाव्या दिवशी पाकीट आलं. चिठ्ठी नव्हती. पत्ता दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात होता. आत एकच रोल.

"मी करू का?" मालकांनी विचारलं.

"नको," मी म्हटलं. फिल्म मीच डब्यात भरली.

पहिल्या फोटोत कार्ड होतं, आणि ते धरणारा हात त्याचा नव्हता. गुबगुबीत हात, पांढरीशुभ्र बाही, मागे लोखंडी खाट. दुसरा फोटो पाण्यातून वर काढायला किती वेळ लागला, आठवत नाही.

दुसऱ्यात चादरीवर त्याचा हात होता. हळदीसारखा पिवळा, शेजारी कार्ड. तिसऱ्यातही तेच. चौथ्यातही. रोज एक फोटो काढला होता कुणीतरी. पाचव्यापासून... मला वाटलं, की मीच पुन्हा फसतेय. मी कार्ड तीनतीनदा पाहिलं. पिवळा उतरत होता, अगदी कणाकणानं. अकराव्या फोटोत अंगठ्याजवळचा व्रण ओळखू येत होता.

बाराव्यापासून पुढे फिल्म कोरी होती.

अकरानंतर काय झालं, ते ती फिल्म सांगत नव्हती. पुढचे नऊ दिवस मी कसे काढले, ते आजही कुणाला सांगता येणार नाही.

दहाव्या दिवशी दुकानाची घंटा वाजली. काउंटरवरचा माणूस जागेवरच होता, तरी मीच बाहेर गेले. तो उभा होता, निम्मा झालेला, कोट खांद्यावरून ओघळणारा. त्यानं खिशातून कडा झिजलेलं कार्ड काढून काउंटरवर ठेवलं आणि शेजारी डावा हात ठेवला.

"बघा," म्हणाला. "जुळतंय का?"

"अकरानंतर फोटो का नाही काढले?" माझा आवाज चढला होता.

"निघालो ना. पाकिटामागोमाग. पण पाकीट विमानानं आलं... आणि मी बोटीनं." मग हळू आवाजात, "डॉक्टर म्हणाले, तार चार दिवस उशिरा आली असती तर..."

"ती सहा दिवस उशिराच आली." मला हे सांगायचंच होतं. "चूक माझी होती. पहिल्यांदा मी..."

"माहीत आहे. संपादकांनी पत्रात लिहिलं होतं, मीठ निळं आलंय म्हणून. पडल्यापडल्या विचार करत होतो, या बाईंचं असं कसं चुकलं? तो निळा फोटो ठेवलाय का? पहिला?"

"फाडणार होते."

"मला द्या."

"चुकलेला आहे तो."

"म्हणून तर. कार्ड सोडून तुम्ही माझा हात बघत होतात... याचा माझ्याकडे तेवढाच पुरावा आहे."

आतून मालक खाकरले आणि काउंटरवरच्या माणसाला म्हणाले, "चल रे, चहा घेऊन येऊ."

मी त्या हाताकडे पाहिलं. नखांच्या मुळाशी अजून पिवळी झाक होती. भीती तेव्हाही गेली नव्हती. आज चाळीस वर्षांनी, सकाळी तो पेपर उघडतो तेव्हा माझी नजर आधी त्याच्या नखांवरच जाते.

मी काउंटरवरचं कार्ड उचललं, ड्रॉवरमध्ये ठेवलं, आणि तो हात नुसताच हातात घेतला.