पुसलेली डिस्क

कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची यादी धाकटीनं केली होती आणि काट मारायचं काम मावशींचं होतं. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, हार्ड डिस्क. पडदा, कीबोर्ड आणि पत्र्याचा डबा जुनाच राहणार होता.

“डबा जुना आणि आतलं सगळं नवं? माणसाचं असं करता आलं असतं, तर मी आधी गुडघे बदलले असते,” मावशी म्हणाल्या.

मावशींचा भरतकामाचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन मशिनं, एक कारागीर आणि पोटची धाकटी मुलगी. मावशींची शाळा दुसरीतच सुटली, पण नक्षीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. नक्षी त्या आठ-आठ दिवस डोक्यात मुरवायच्या, चकार शब्द कोणाला सांगायच्या नाहीत, आणि पिकली की एका बैठकीत कागदावर काढायच्या. प्रत्येक नक्षीत एक पान मुद्दाम उलटं. कोणतं, ते पेन्सिल टेकेपर्यंत त्यांनाही ठाऊक नसायचं. मग धाकटी तो कागद कॉम्प्युटरवर टाक्याटाक्यानं उतरवायची आणि मशीन तेच कापडावर भरायचं. पण कॉम्प्युटर म्हातारा झाला होता. मोठी नक्षी उघडायला सांगितली की चहा पिऊन होईस्तोवर नुसता घरघरायचा.

जुन्या सुट्या भागांच्या दुकानात धाकटी हळूच म्हणाली, “आई, बोर्ड, प्रोसेसर वापरलेला चालेल. पण डिस्क नवी घे. आपलं सगळं तिच्यावर राहणार.”

“ठेवायचं भांडं नवं कशाला? घासून घेतलं की झालं. त्यापेक्षा रॅम दुप्पट घे, घरघर तरी थांबेल.”

दुकानदारानं एक डिस्क पुढं सरकवली. “पूर्ण पुसलीय, मावशी. अगदी कोरी.”

“कोणाची होती?”

“एक बाई देऊन गेली,” तो म्हणाला, आणि कोणी न मागता भाव कमी केला. घासाघीस न करता स्वस्त मिळालेली वस्तू मावशींना कधी गोड लागली नव्हती. पण घेतली.

घरघर थांबली. पहिले आठ दिवस कॉम्प्युटर लोण्यासारखा चालला. नवव्या दिवशी सकाळी मावशी वेलीची नवी नक्षी घेऊन कारखान्यात आल्या, तर कारागीर तीच वेल कापडावर भरत होता.

“हे कुठून आलं?”

“कॉम्प्युटरमध्ये होतं की. ताईंनी टाकलं असेल.”

कागदाची घडी अजून मावशींच्या मुठीत होती. तिसऱ्या फांदीवरचं पान उलटं होतं. कापडावरही तेच.

धाकटीला स्वतःचं दुकान काढायचं होतं, हे मावशींच्या कानावर होतंच. संशयाला आणखी काय लागतं?

“माझे कागद चोरून बघतेस?”

“आई, मी हे टाकलेलं नाही.”

“मग उंदरांनी टाकलं?”

“तू मला चोर म्हणतेस?”

“खाल्ल्या घरचे वासे मोजणारीला दुसरं काय म्हणू?”

धाकटीनं हातातली कात्री टेबलावर ठेवली, शेजारी किल्ल्या ठेवल्या, आणि पायऱ्या उतरून गेली. मावशी म्हणाल्या, जाऊ दे. ज्या पोरीला बोट धरून टाका शिकवला, तिनंच घात केला. त्या दिवशी त्यांना घास गेला नाही.

पुढची नक्षी त्यांनी कागदावर काढलीच नाही. पाण्यावर वाकलेली लव्हाळी होती ती. डोक्यातच कुलूप लावून ठेवली.

चौथ्या दिवशी कारागिरानं पडद्याकडं बोट केलं.

लव्हाळी होती. हवी तेवढीच वाकलेली. डावीकडून दुसरं पातं उलटं होतं. मावशींचं ते अजून ठरलं नव्हतं. पाहिल्यावर मात्र कळलं, हेच ठरलं असतं.

म्हणजे पोरगी खरं बोलत होती. फितूर भलतंच कुणी होतं.

“मावशी, पडद्यावर खाली अजून नक्ष्या आहेत,” कारागीर म्हणाला.

सतरा होत्या. मावशींनी एकेक पाहिली. त्यातली एकही त्यांना अजून सुचली नव्हती. हात मात्र सगळीकडं त्यांचाच होता.

“काढ ती डिस्क.”

कारागिरानं काढली. मावशींनी स्वतःच्या हातानं हातोडी घेऊन तिचा चुरा केला.

आता पोरीला परत आणायचं होतं. मावशींनी जन्मात कोणाची माफी मागितली नव्हती. शब्द जुळवायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी फोन लावला.

“पोरी, चूक माझी. माझ्या जिभेला हाड नाही आणि संशयाला डोळे नाहीत. ये परत.”

मावशींनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“ऐकतेस ना?”

“आई, काल हेच बोललीस की.”

“काल?”

“दुपारीच. शब्दन् शब्द हेच. मी म्हटलं, झालं गेलं विसर. मग किती वेळ बोलत बसलो आपण.” धाकटी हसली. “इतकी मऊ तू कधी बोलली नव्हतीस, आई.”

“मी फोन केला नव्हता गं.”

“थट्टा पुरे. मग काल आपलं काय ठरलं, सांग बरं.”

मावशींनी आठवायचा प्रयत्न केला. आठवायला काही नव्हतंच.

“काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

धाकटीचं हसू थांबलं. मग परक्या माणसाशी बोलावं तसं ती सावकाश म्हणाली,

“तुम्ही कोण बोलताय?”