काकांसमोर सांग

हार-गाव म्हणजे कोळंबीच्या वाफवलेल्या मोदकांची शेवटची टोपली होती, आणि सिन-यीचा हात पोचायच्या आत ती शेजारच्या परक्या माणसाने ढकलगाडीवरून उचलली.

"ती आमची आहे."

"नाव नव्हतं लिहिलेलं…" तो हसला.

रविवारी हाँगकाँगच्या चहाघरात जागा दिसेल तिथे परक्यांना बसवतात, तसा हा पाक-हेई त्यांच्या कुटुंबाच्या गोल टेबलाशी आला होता. चिडलेल्या सिन-यीकडे बघतच त्याने वाफाळती टोपली तिच्या आईपुढे सरकवली. ती आणखीच चिडली.

पलीकडे मोठ्या काकांचं सुरू झालं होतं. "तिशी आली. दुमजली बस चालवणाऱ्या पोरीला कोण करून घेणार? धाकटा भाऊ कॅनडाला जाईल, हिने नोकरी सोडून आईपाशी बसावं."

आई कपात बघत राहिली.

"मी करून घेतोय की," पाक-हेई म्हणाला. "आमचं ठरलंय."

सगळ्यांच्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या.

सिन-यीने त्याला जिन्यात नेलं. "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये पडायला?"

"ते वाटेल ते बोलत होते…"

"मग मी बोलले असते. मला काय तोंड नाही? आता म्हणतील, पुरुष मिळाला म्हणून सुटली."

त्याचं हसू मावळलं, कान लाल झाले. "चुकलो. पण सगळंच खोटं नव्हतं… टोपलीवरून भांडलात ना, तेव्हापासून वाटतंय, तुमच्याशी अजून भांडावं."

"हे जिन्यात काय सांगतोस? काकांसमोर सांग."

"आत्ता?"

"खोटं बोलताना मुहूर्त पाहिला होतास?"

तो गेला. टेबलापाशी उभा राहून म्हणाला, "काका, मी खोटं बोललो. हिला आजच पहिल्यांदा पाहतोय. ही हो म्हणाली, तर पुन्हा भेटायचंय."

काकांनी काड्या आपटल्या. "ह्या बसवालीला—"

"बस मी चालवते, काका, आणि चालवत राहणार," सिन-यी म्हणाली. "आईचं काय करायचं ते आम्ही दोघं भावंडं बघू. तुम्ही ठरवायचं नाही."

काका उत्तर द्यायला पुढे झुकले, तोच आईने किटली उचलली. "चहा घ्या, भाऊजी," ती शांतपणे म्हणाली, आणि त्यांचा कप काठोकाठ भरला. "आता हा विषय नको."

पाक-हेई अजून उभाच होता. "आणि… माझं?"

सिन-यीचा राग काही उतरला नव्हता.

"गुरुवारी मला सुट्टी असते," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दुसरं चहाघर शोध. दोघंच… आणि उशीर केलास, तर मी थांबणार नाही."