हिंगणा-विहिरी-दोन

"ताई, टेबल गेलं!"

सोमवारचे सव्वादहा वाजले होते. पुष्पलताताईंनी नुकतीच पर्स खुर्चीला अडकवली होती. समोरच्या संगणकापुढे माया उभी होती आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोणता तक्ता?" ताईंनी विचारलं. संगणकात रकाने पाडून भरलेल्या माहितीला सगळे टेबल म्हणत. ताई मात्र हट्टानं तक्ता म्हणत.

"हिंगण्याच्या विहिरींचा. बावीसच्या बावीस विहिरी. शनिवारी होतं ताई, आता नाही."

ताईंची तेहतीस वर्षं सरकारी अभिलेखागारात गेली होती. निवृत्तीनंतर नकाशे बनवणाऱ्या या कंपनीनं त्यांना कागदपत्रं सांभाळायला ठेवलं. धंतोलीतल्या त्या इमारतीत खाली दोन मजले दवाखाने आणि तिसऱ्यावर ही कंपनी. संगणकाशी ताईंचं फारसं पटत नसे. पण हरवलेला कागद म्हटला की त्यांना चैन पडत नसे, आणि इथे तर कागदापेक्षा मोठं काहीतरी हरवलं होतं.

हिंगण्यापलीकडच्या एका गावात नाल्याकाठच्या विहिरींचं पाणी वास मारायला लागलं होतं. मायानं पंधरा दिवस उन्हात फिरून विहिरीविहिरींतून बाटल्या भरल्या. त्यातल्या नऊ प्रयोगशाळेनं पिण्याला अयोग्य ठरवल्या. पण प्रयोगशाळेच्या कागदावर नुसता बाटलीचा नंबर. कोणती बाटली कोणत्या विहिरीची, हे फक्त त्या तक्त्यात होतं, कारण विहिरीवर ती मोबाईलमध्ये नोंद घेई आणि नोंद संगणकावर चढली की मोबाईल ती पुसून टाकी. बॅकअप व्हायचा शुक्रवारी आणि तक्ता झाला शनिवारी. आज तीनच्या सरकारी बैठकीत त्या नऊ विहिरी बंद होऊन गावाला टँकर मिळायचा होता. मायाचा तक्ता नसेल तर जानेवारीतल्या तपासणीचा जुना तक्ता पुढे जाणार होता. त्यात सगळ्याच विहिरींचं पाणी चांगलं होतं.

दाराबाहेरच्या बाकावर त्या गावच्या बायजाबाई ऑफिस उघडायच्या आधीपासून येऊन बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली.

"मंग टँकर येत नाई का वं पोरी?"

माया पुन्हा स्क्रीनवरची यादी वरखाली करू लागली.

एव्हाना आलेले कृष्णकांत सर आतल्या केबिनमधून बाहेर आले. कामाचे प्रमुख तेच. पंचावन्नचे, शांत, कडक इस्त्रीचे. जानेवारीत बायकोचं ऑपरेशन झाल्यापासून ते जरा खचल्यासारखे वाटत. संक्रांतीचा तिळगूळसुद्धा ताईंनी दोघांना दवाखान्यातच नेऊन दिला होता.

"माया, शनिवारी शेवटी तूच होतीस," ते म्हणाले. "घाईत काहीतरी दाबलं असशील. चुका होतात. मी बैठकीला जुना तक्ता नेतो."

"मी काहीच दाबलं नाही सर!"

तेवढ्यात मालकीण रितिका मॅडमचा पुण्याहून फोन आला. त्या चांगल्याच तापल्या होत्या. एक वाजेपर्यंत चूक कुणाची ते कळलं पाहिजे, नाहीतर मायानं उद्यापासून येऊ नये. मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "ताई, तुम्ही फायली शोधायच्या ना, तसं बघा काही सापडतंय का."

ताईंनी डायरी आणि पेन्सिल काढली. आधी त्यांनी मायाला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं.

"पहिल्यापासून सांग वं. शनिवारी काय केलंस?"

"बारा वाजता नवीन टेबल बनवलं."

"बनवलं म्हणजे?"

"नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'नवीन टेबल' दाबलं की एक बॉक्स येतो. त्यात नाव टाकायचं. मी 'हिंगणा-विहिरी' टाकलं, तं बॉक्स लाल झाला. जानेवारीचं टेबल त्याच नावाचं आहे ना. मंग त्यानंच पुढे एक लावला. 'हिंगणा-विहिरी-एक'. मंग पाच वाजेपर्यंत नोंदी भरत राहिली."

"कोणाले दाखवलं?"

"सरांना. ते म्हणाले, छान. मंग मी निघाली."

"सर केव्हा निघाले?"

"माझ्यासोबतच. कुलूप त्यांनीच लावलं."

ताईंनी सगळं लिहून घेतलं. किल्ल्या दोनच होत्या, एक सरांकडे आणि एक ताईंकडे. आज सकाळी दार ताईंनीच उघडलं होतं. घरी बसून ऑफिसचा संगणक उघडता येत नसे. आत आल्यावर मात्र सगळं मोकळं रान. सगळे एकाच पासवर्डनं काम करत आणि तो पासवर्ड चिठ्ठीवर लिहून स्क्रीनला चिकटवलेला होता. त्यामुळे कुणी काय केलं, हे संगणकाला विचारून उपयोग नव्हता.

मायानंतर पाळी उन्मेषची. सॉफ्टवेअर सांभाळणारा, चाळिशीकडे झुकलेला. तो सकाळपासून कुणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हता आणि त्याचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता.

"तू काहून घाबरून राहिला गा?"

"मी कुठं घाबरलो?"

"पाय पाहा आपला."

उन्मेषनं पाय आवरला. मग एकदम बोलून टाकलं, "ताई, शनिवारी सकाळी मी त्या बॉक्समध्ये बदल केला. सरांना न विचारता. आता सगळे म्हणतील, याच्या बदलानंच टेबल खाल्लं. पण तो बॉक्स फक्त नाव विचारते. तो काही पुसू शकत नाही, पोराची शपथ!"

"कसला बदल?"

"लोक नावापुढे मनाचे आकडे टाकत होते ताई. सात, नव्व्याण्णव, काय वाट्टेल ते. म्हणून आकड्याची जागा बंद करून टाकली. आता आकडा हातानं टाकताच येत नाही. नाव आधीचंच असलं, तं बॉक्स स्वतः आकडा लावते. रिकामा असलेला सगळ्यात लहान."

"म्हणजे भिंतीवरच्या खुंट्यांसारखं? पहिली रिकामी दिसली की तिथंच अडकवायचं?"

"हाव, तसंच."

"हे कोणाले सांगितलं होतं?"

"कोणालेच नाही. आज सांगणार होतो."

बारा वाजून गेले. खाली अँब्युलन्स येऊन थांबली आणि तिचा आवाज बंद व्हायला फार वेळ लागला. ताईंना बसवेना. त्यांनी खिडकीपर्यंत तीन फेऱ्या मारल्या आणि मग केबिनचं दार ढकललं.

"सर, काल तुम्ही आले होते का ऑफिसात?"

"आलो होतो की. अकराला. बैठकीची तयारी करायची होती."

"तेव्हा मायाचा तक्ता होता?"

"नव्हता. मी शोधला. रविवारी तिला कशाला त्रास द्यायचा, म्हणून फोन केला नाही. जानेवारीचीच माहिती घेऊन बैठकीसाठी नवा तक्ता केला."

"तिचा तक्ता नव्हताच, हे पक्कं?"

"ताई, मी तीस वर्षं हेच करतोय. असता तर दिसला असता."

"अन् जानेवारीत विहिरी कोणी तपासल्या होत्या?"

"मीच. का?"

"काही नाही, लिहून ठेवते."

मग ताईंनी उन्मेषला संगणकापुढे बसवलं आणि हिंगण्याच्या कप्प्यात, म्हणजे फोल्डरमध्ये, काय काय आहे ते दाखवायला सांगितलं. यादीत दोनच नावं होती. पहिलं 'हिंगणा-विहिरी'. ते उघडलं, तर तपासणीच्या तारखा दहा ते पंधरा जानेवारी. दुसरं 'हिंगणा-विहिरी-दोन'. त्यातही त्याच तारखा, तेच पाणी, तेच आकडे. तयार केल्याची वेळ, रविवार सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.

ताईंनी दोन्ही नावं डायरीत एकाखाली एक लिहिली. मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "सगळ्यांना बोलवा," त्या म्हणाल्या. "बायजाबाई, तुमीबी या."

पाऊण वाजता सगळे त्या एका स्क्रीनभोवती जमले. रितिका मॅडम फोनवर ऐकत होत्या.

"उन्मेष, नवीन तक्ता करायची ती चौकट उघड. नाव टाक, हिंगणा-विहिरी."

उन्मेषनं टाकलं. चौकट लाल झाली. क्षणभरात नावापुढे आकडा उमटला. एक.

"पाहिलं?" ताई म्हणाल्या. "आत्ता कप्प्यात एक नंबर रिकामा आहे. म्हणून चौकट एकच देते. आता सर, काल अकरा वीसला तुम्ही हीच चौकट उघडली. मायाचा तक्ता तेव्हा नव्हता म्हणता. मग चौकटीनं तुम्हाला एक द्यायला हवा होता. तुम्हाला दोन कसा मिळाला?"

कृष्णकांत सर हसले. "एवढंच होय? जानेवारीचा पहिला, हा दुसरा, म्हणून दोन मीच टाइप केला. नेहमीच करतो."

"टाकून दाखवा."

सरांनी कीबोर्ड ओढला. आकड्यावर गेले. दोन दाबला, पुन्हा दाबला. स्क्रीनवर एक तसाच राहिला. सरांनी उन्मेषकडे पाहिलं. उन्मेष खाली मान घालून म्हणाला, "शनिवारी सकाळीच बंद केलं सर. तुम्हाला सांगायचं राहिलं."

सरांनी कीबोर्ड परत सरकवला.

"दोन मिळाला, कारण एकच्या जागी मायाचा तक्ता होता," ताई म्हणाल्या. "तुमच्या डोळ्यांसमोर होता. तुम्ही सावध माणूस. आधी स्वतःचा उभा केला, नीट उघडतो का पाहिलं आणि मग तिचा उचलला. तुमच्यानंतर इथं कोणी आलं नाही. आज दार मीच उघडलं, अन् माझ्या मागोमाग माया आली."

"पण सर असं काहून करतील ताई?" मायाला अजून खरं वाटत नव्हतं.

"जानेवारीच्या तारखा पाहा. दहा ते पंधरा. संक्रांत चौदाची. त्या दिवशी मी यांना तिळगूळ दिला तो दवाखान्यात, वहिनींच्या पलंगापाशी. तो पूर्ण आठवडा हे तिथून हलले नव्हते. मग विहिरी कोणी तपासल्या? कोणीच नाही. तुझा तक्ता बैठकीत गेला असता, तर लोकांनी दोन्ही शेजारी ठेवले असते. दोन-तीन महिन्यांत नऊ विहिरी कशा बिघडल्या, हे यांनाच विचारलं असतं."

सर खुर्चीत बसले. कडक इस्त्रीचा तो माणूस एकाएकी म्हातारा दिसायला लागला.

"मागच्या वर्षीचे आकडे भरले होते," ते हळूच म्हणाले. "तिची शुद्ध हरपली होती ताई. वाटलं, ती बरी झाली की जाऊन खरे आणू. मग ती बरी झाली, आणि मला जायची लाज वाटायला लागली."

"तुमची लाज राहावी म्हणून या पोरीची नोकरी?" ताईंचा आवाज चढला. एवढा चढलेला त्यांचा आवाज त्या ऑफिसनं कधी ऐकला नव्हता. "बोला आता. पुसला की लपवला? कागद लपवणारे मी जन्मभर पाहिले. जाळणारा एखादाच. बाकीचे दुसऱ्या गठ्ठ्यात कोंबतात."

सरांनी बोटानं यादीतला शेवटचा कप्पा दाखवला. जुनी कामं. उन्मेषनं तो उघडला. उमरेडच्या रस्त्यांच्या नकाशाखाली, दुसऱ्याच नावानं, बावीस विहिरी जशाच्या तशा होत्या.

माया टेबलावर डोकं टेकवून रडली आणि रडतारडताच तिनं प्रिंटची आज्ञा दिली. फोनवरून रितिका मॅडम म्हणाल्या, "माया, बैठकीला तू जा. कृष्णकांत, तुमच्याशी मी संध्याकाळी बोलते."

प्रिंटरचा आवाज सुरू झाला. बायजाबाई उठून सरांच्या खुर्चीपाशी आल्या.

"साहेब, तुमी आलेच नव्हते का आमच्या विहिरीवर?"

"नाही."

"पंचायतीनं तुमचा कागद भिंतीले लावला होता. पानी चांगलं हाय म्हने. माही सून म्हने, आई, वास येते, मले नाई पेवत. सातवा महिना होता तिले. म्या म्हटलं, साहेबायनं तपासलं हाय, पी." त्यांनी पदर तोंडाशी नेला, पण रडल्या नाहीत. "म्या पाजलं तिले. रोज."

"आता कुठं आहे ती?" ताईंनी विचारलं.

"खालीच. दुसऱ्या माळ्यावर. परवा आनलं. डॉक्टर काई सांगून नाई राहिले."

ताईंचा हात आपोआप बायजाबाईंच्या खांद्यावर गेला. त्यांना वाटलं होतं, बाई सकाळच्या बसनं गावाहून आल्या असतील. खाली कोण आहे, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं आणि त्याचं त्यांना फार वाईट वाटलं.

सर उभे राहिले. "मी... मी खाली येऊ का? डॉक्टरांशी बोलतो."

"काहून?" बायजाबाई म्हणाल्या. "खाली येऊन काय करता? तिकडं जा. मीटिंगमधी साऱ्यायसमोर सांगा का तो कागद खोटा होता. गावात आनखी चार पोट्या हायत, दिवस गेलेल्या. त्या अजून तेच पानी पेऊन राहिल्या."

मायानं कागद गोळा केले. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग केबिनमध्ये न जाता तसेच तिच्या मागे दाराकडे निघाले. तीन वाजायला अजून दोन तास होते, पण कुणालाच तिथे थांबवत नव्हतं. बायजाबाई त्यांच्याही आधी जिना उतरायला लागल्या.