सात घरं न फिरलेली पिलं

ही गोष्ट खरी आहे. एवढंच मला ठामपणे सांगता येतं. बाकी माझ्या कुठल्याच मताची मला खात्री नसते.

साल एकोणीसशे छप्पन. थंडीचे दिवस. जागा रत्नागिरीतला राजिवडा, खाडीकाठची आमची वस्ती. वेळ मगरिबच्या, म्हणजे सूर्यास्ताच्या अजानची.

मी तेव्हा शाळेत चित्रकला शिकवायचो. माणसांशी बोलायला लाजायचो, म्हणून पुस्तकांत असायचो. वस्तीच्या वरच्या अंगाला डोळ्यांचे डॉक्टर आठल्ये राहायचे. माझा हात बरा आहे असं कुणीतरी त्यांना सांगितलं आणि त्यांनी मला कामाला बोलावलं.

काम मांजरांच्या पिलांचं होतं.

परदेशात एक गोष्ट नुकतीच कळली होती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना जगवण्यासाठी भरपूर प्राणवायू देत, आणि त्यातली काही बाळं पुढे आंधळी होत. डोळ्यांच्या आत रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत. नुकत्याच जन्मलेल्या पिलाचे डोळे अशा बाळासारखेच कच्चे असतात. म्हणून डॉक्टर काही पिलं काचेच्या पेटीत प्राणवायूत ठेवत, काही साध्या हवेत. मग यंत्रातून त्यांच्या डोळ्यांत बघत, मला बघायला लावत. मी लाल शाईनं चित्र काढायचो.

पिलं भागूबाई आणून द्यायची. ती घरोघर मासळी विकायची. शेवटच्या खेपेला तिनं टोपली ठेवली आणि उभीच राहिली.

"मास्तर, डाक्टरांना सांगा. ह्यांची सात घरं झाली नायत अजून."

डोळे उघडेपर्यंत मांजरी पिलांना तोंडात धरून सात घरं फिरवते, हे आमच्याकडे कुणालाही ठाऊक असतं. डॉक्टर हसले. म्हणाले, इथं एकाच घरात सगळी सोय आहे.

भागूबाई हसली नाही.

त्या पिलांची आई मागोमाग आली. करड्या रंगाची, एका कानाला खाच. डॉक्टरांच्या पायरीवर बसून ओरडायची. खायला टाकलं तर शिवायची नाही. एका सकाळी पायरीवरच मेलेली दिसली. तिला विहिरीमागे पुरलं.

मीच पुरलं. म्हणून सांगतो, ती मेलेली होती.

त्याच सुमारास माझी बहीण आसिया आमच्या घरीच सातव्या महिन्यात बाळंत झाली. नवरा जहाजावर. पोर ओंजळीएवढं आणि निळं पडत चाललेलं.

प्राणवायूचा सिलिंडर अख्ख्या वस्तीत फक्त डॉक्टरांकडे होता, पिलांच्या खोलीत. मुंबईच्या बोटीनं यायचा. मी धावत गेलो. डॉक्टर आणि मी, दोघांनी तो उतरवून आणला. दारात आल्यावर डॉक्टरांनी आसियाला सरळ सांगितलं. हा दिला तर डोळे जातील कदाचित. नाही दिला तर पोर जाईल.

आसिया म्हणाली, "द्या."

अस्लम जगला.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग यंत्र माझ्या हातात दिलं.

कडेला लाल धाग्यांचा गुंता सुरू झाला होता. उजव्या डोळ्यात एक वाहिनी गळासारखी मागे वळली होती. भाच्याच्या डोळ्याचं चित्रही मी त्याच लाल शाईनं काढलं.

उपाय तेव्हा नव्हता. वाट बघायची, एवढंच. आसिया कंदिलाची काच पुसून पुसून त्याच्यासमोर धरायची. पोर बघायचं नाही. ती काच पुन्हा पुसायची.

आणि मग...

वरच्या अंगाला नझीरचाचांच्या घरात पिलाचा आवाज आला. त्यांनी फळ्या पाहिल्या, लाकडं उपसली. पिलू नव्हतं.

मग आवाज त्यांच्या खालच्या घरात आला.

मग त्याच्याही खालच्या.

नझीरचाचा म्हणाले, "मास्तर, तुमच्या डाक्टरचं मांजर जकात गोळा करत फिरतंय की काय?" सगळे हसले. एका गोष्टीवर मात्र कुणी हसलं नाही. वाळत घातलेल्या मासळीला त्या दिवसांत एकही मांजर तोंड लावत नव्हतं. वस्तीत मांजर दिसतच नव्हतं.

आवाज घर घर करत उतरत होता. आमच्याकडे येत होता. नझीरचाचांपासून मोजलं तर आमचं घर सातवं.

त्या संध्याकाळी अजान झाली. गार वारा होता, म्हणून दारांना आतून कड्या होत्या. आसिया नमाजाला उभी राहिली. मी पुढच्या खोलीत वाचत होतो. नमाज संपवून ती पाळण्यापाशी गेली.

पाळणा हलत होता...

आत पोर नव्हतं.

ती पुढच्या खोलीच्या दारात आली.  हात करून तिनं मला पाळणा दाखवला. मी दोन्ही दारं पाहिली. कड्या तशाच. इवलंसं पोर, त्याला कूस बदलायचंसुद्धा माहीत नव्हतं.

तेव्हा मला ऐकू आली...

घुरघुर.

स्वयंपाकघरातल्या भाताच्या कणगीमागून येत होती. संथ, थकलेली. मी कंदील घेऊन वाकलो तशी थांबली.

अस्लम तिथे गोणपाटावर पडला होता. अंग उबदार. मानेमागची कातडी मात्र ओली होती, चुरगळलेली. ओरखडा एकही नव्हता.

आणि त्याचे डोळे उघडे होते.

मी कंदील बाजूला केला... डोळे कंदिलामागे फिरले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं. गुंता ओसरला होता. म्हणाले, कधी कधी आपोआप ओसरतो, पुस्तकात तसं दिलंय. खरंच दिलंय. मीही वाचलं आहे.

मग आम्ही पिलांच्या खोलीत गेलो. साध्या हवेतलं एक पिलू भिंतीला धडकत होतं. त्याला प्राणवायू कधी दिलाच नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यात पाहून यंत्र मला दिलं. मी चित्र काढायला घेतलं आणि अर्ध्यात थांबलो.

गळासारखी मागे वळलेली ती वाहिनी मी आधी एकदा काढलेली होती.

डॉक्टर म्हणाले, पिलांची अदलाबदल झाली असेल. असेलही. माझं चित्रच चुकलं असेल. मी काही मोठा चित्रकार नव्हे. त्यांनी ती काचेची पेटी पुन्हा कधी वापरली नाही, एवढं मात्र खरं.

अस्लमनं सगळं आयुष्य बोटींवर काढलं. आता मुंब्र्याला असतो. नजर अजून चांगली आहे. ही गोष्ट आसियानं त्याला कधी सांगितली नाही. ती गेली. मीही सांगितली नाही.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. त्याला नात झाली, सातव्या महिन्यात. दवाखान्यातून घरी आणली आहे, पण तिच्या डोळ्यांत रक्तवाहिन्या वाढताहेत म्हणे. मी म्हटलं, आता लेझर आहे, इंजेक्शनं आहेत, डॉक्टर सांगतील तसं कर. तो हो हो म्हणत होता. दमलेला वाटला.

फोन ठेवता ठेवता मला राहवलं नाही. मी म्हटलं, "आणि पोर कधी जागेवर दिसलं नाही, तर घाबरू नकोस. आधी घरातले कोपरे बघ."

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

मग त्यानं हळूच विचारलं, "मामू, कालचं तुम्हाला कुणी सांगितलं?"