आणायची चाल

जमीन मोजणं हे माझं काम. मोजणी खात्यात अकरा वर्षं झाली आणि माझी एकही मोजणी कुणी फिरवलेली नाही. शेजारीपाजारी म्हणतात, नीरज म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. खरं आहे ते. गाणी लिहिणं हा माझा रविवारचा उद्योग. बायको सुरुची त्याला 'तुझं खूळ' म्हणते, पण चहा करून देते.

२००५ च्या जानेवारीत राई गावचा आत्माराम घरी आला. तो हळदीला, साखरपुड्याला गाणी म्हणतो आणि त्याच्या सीड्याही काढतो. त्या वेळी घराघरात सीडी प्लेअर आले होते, त्यामुळे त्याला फुरसत नव्हती.

"भाऊ, एक गाणं द्या ना. एकदाच भेट झाली, मग परत नाय, असं काहीतरी. पब्लिकला हेच पाहिजे हल्ली."

मी हो म्हटलं, कारण तशी एक भेट माझ्याकडे होती.

२००१ च्या मार्चमधली गोष्ट. माझं लग्न व्हायचं होतं. राईच्या पलीकडे, मिठागराच्या एका बांधाची मोजणी होती. बांध वाकडातिकडा, आणि टेपचं टोक धरणारा माझा सोबती दशरथ तापाने घरी. एकट्याने टेप धरता येत नाही. दुसऱ्या टोकाला माणूस लागतोच. मी परत निघालो होतो, तेवढ्यात बांधावरून एक बाई येताना दिसली. निळं पातळ, डोक्यावर रिकामी पाटी. मी लांबूनच, लाजत विचारलं, टोक धराल का जरा?

तिने पाटी खाली ठेवली आणि बांधावर पडलेलं टोक उचलून धरलं. मी तीस मीटर पुढे जायचो, आकडा लिहायचो. मग मी पुढे सरकलो की तीही सरकायची. त्यामुळे आमच्यातलं अंतर तेवढंच राहायचं. दर खेपेला ती लांबून ओरडायची, "अजून किती?" मी आकडा ओरडून सांगायचो. चौथ्या खेपेला ती हसली आणि तिने टेपला मुद्दाम एक हिसका दिला. तो हिसका माझ्या मनगटापर्यंत आला. तेवढ्याने मी वेडा झालो, हे सांगायला आता लाज वाटत नाही.

अकरा मोजण्या झाल्या. ऊन डोळ्यांवर होतं, चेहरा नीट दिसला नाही. शेवटच्या मोजणीनंतर जवळ जाऊन नाव विचारायचं असं ठरवलं होतं. तेवढ्यात खाडीला भरती लागली, बांधाचा मधला भाग पाण्याखाली गेला, आणि टेप सैल पडला. मी तो गुंडाळला. पलीकडे कुणी नव्हतं. माझ्या मोजणीवहीत मात्र अकराही आकडे आहेत, आणि ते अचूक आहेत. म्हणजे ती होती.

पुढच्या वर्षी सुरुचीशी लग्न झालं. सुरुची चांगली आहे, हसरी आहे. पण कधीतरी दुपारी तो हिसका मनगटाला आठवायचा, आणि वाटायचं, एकदा तो चेहरा बघायला मिळाला असता तर.

गाण्याला चाल मी आत्मारामच्या भावाच्या लग्नात ऐकलेली घेतली. नवरी गावात येताना चार म्हाताऱ्या बायका गात होत्या. बँडच्या आवाजात शब्द कळले नव्हते, चाल तेवढी डोक्यात बसली होती. ती कुणाची, कशासाठी, हे विचारायचं मला सुचलं नाही. आत्मारामला गुणगुणून दाखवली. "कुठंतरी ऐकल्यासारखी वाटते," तो म्हणाला. "बायका म्हणत असतील. चालेल."

पहिलं कडवं एका बैठकीत झालं.

*तीस पावलांवर उभी तू गं, मधे खाडीचा वारा,*
*नाव विचारीन म्हणता म्हणता बुडून गेला बांध सारा.*

मीटर गाण्यात शोभत नाही, म्हणून पावलं केली.

दुसऱ्या दिवशी वही उघडली, तर 'तीस' या शब्दावर एक सरळ रेघ मारून वर 'चोवीस' लिहिलं होतं. आमच्या खात्याची ही पद्धत आहे. चुकलेला आकडा खोडायचा नाही, एक रेघ मारायची, वर खरा आकडा लिहायचा आणि शेजारी सही करायची. अक्षर माझंच होतं, पण सही नव्हती. बिनसहीची दुरुस्ती मी आयुष्यात केलेली नाही. शिवाय 'चोवीस'ने गाण्याची ओळ लंगडत होती. झोपेत लिहिलं असेल, असं म्हणून मी वही मिटली.

त्या संध्याकाळी कामावरून आलो, तर आमच्या इमारतीचा वॉचमन बबन गेटवर थांबवून म्हणाला, "साहेब, दुपारी एक बाई आलेली. मी विचारलं, कुठे जायचंय? तर काय नाय. नुसतं म्हणाली, अजून किती? पाय चिखलाने भरलेले."

"मग?"

"मग काय, मी रजिस्टर काढेपर्यंत गेली पण. आत गेली का बाहेर, ते नाय बघितलं."

आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. गेटपासून वर आमच्या दारापर्यंत मी पावलं मोजत गेलो. पायऱ्या धरून चोवीस.

सुरुची दार उघडून रागावली. "चार हाका मारल्या खिडकीतून. बहिरा झालायस का?" मला एकही ऐकू आली नव्हती.

इथे थांबायला हवं होतं, हे मलाही कळत होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण मी दुसरं कडवं लिहिलं. मला ती बघायची होती. सकाळी आकडा सतरा झाला होता.

समोरच्या मृणालिनीबाई जिन्यात भांडत होत्या. जिन्याच्या वळणापर्यंत ओल्या पावलांचा चिखल आला होता, आणि त्या झाडूवालीला बोलत होत्या. काळा, खारट वासाचा चिखल. आमच्या रस्त्यावर असा चिखल नसतो, तो मिठागरात असतो. मी फडकं आणून स्वतः पुसला. मृणालिनीबाईंना वाटलं, किती चांगला माणूस. सुरुचीला मी काही सांगितलं नाही.

त्याच दिवसांत सुरुचीला दम लागायला लागला. स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत, म्हणजे जेमतेम सात पावलं, चहा घेऊन यायची आणि खुर्चीत बसून धापा टाकायची. चहा गार झालेला असायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सगळं ठीक. बोलायचीही मोठ्याने. फोनवर तिची आई म्हणाली, "सुरुची, अगं ओरडतेस कशाला?"

तिसरं कडवं मी दोन दिवस लिहिलं नाही. त्या दोन दिवसांत जेवण गेलं, झोप गेली. टेबलापाशी जायचो, उठायचो, गॅलरीत जायचो, परत टेबलापाशी. तिसऱ्या दिवशी बसलो आणि लिहिलं. सकाळी आकडा नऊ झाला. त्याच दिवशी तिन्ही कडवी आत्मारामला फोनवर सांगितली.

शनिवारी दुपारी आत्मारामचा फोन आला. "भाऊ, आत्याने तुम्हाला बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. मी घरात तुमचं गाणं म्हणत होतो, तर तिने तोंडावर हात ठेवला माझ्या."

आत्मारामची आत्या अंबिकाबाई राईतल्या जुन्या घराच्या ओट्यावर बसली होती. लग्नात गाणाऱ्या चौघींपैकी ती एक. आजूबाजूला नव्या इमारतींचे खांब उभे राहत होते. त्यातल्या दोन जागा मीच मोजलेल्या.

"ही चाल तुला कोनी दिली?"

"लग्नात ऐकली होती."

"ऐकलीस न् उचललीस." तिने आत्मारामकडेही रागाने पाहिलं. "ही आनायची चाल हाय. नवी सून वेशीवर आली का तिला दारापर्यंत हिच्यावर आनतात. कडव्याकडव्याला पावलं कमी करीत. तू कोनाला आनतोस?"

मी सांगितलं. बांध, टेप, अकरा मोजण्या, भरती. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होतो. तिने मधे एकदाही विचारलं नाही की ती बाई कोण.

"परत पाठवायची काही चाल असेल ना?"

"आमच्यात परत धाडायची चाल न्हाय रे. कोन धाडतो आनलेल्या सुनेला?"

मग माझ्या हातातल्या वहीकडे पाहत तिने हळूच विचारलं, "घरात बायको हाय ना तुझे?"

"आहे."

"ती कुठवर गेली?"

मला प्रश्न कळला नाही असं मी दाखवलं. कळला होता. सुरुचीच्या धापा, गार चहा, न ऐकू आलेल्या चार हाका, सगळं एकदम छातीत आलं. मी पळतच निघालो. रिक्षावाल्याला "जल्दी चलो भाई" म्हणत राहिलो. त्या वेळी मला कुणाचा चेहरा बघायचा नव्हता. मला फक्त सुरुची हवी होती.

गेटवर बबन नव्हता. जिना कोरडा होता. आमच्या दाराबाहेर, पायपुसण्याच्या अलीकडे, दोन ओली पावलं होती. बोटं दाराकडे. ती तिथून कुठेच गेली नव्हती.

मी त्यांच्यावरून उडी मारून आत गेलो.

वही उघडली. 'नऊ'वरही रेघ होती. वर लिहिलं होतं 'दोन'.

मी लाल पेन घेतलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तिरकी रेघ मारली. 'रद्द' लिहिलं. प्रत्येक पानावर सही केली, तारीख घातली. तिन्ही पानं. आमच्या खात्यात यापुढे काही नसतं. रद्द म्हणजे रद्द.

बरं वाटत होतं.

"सुरुची," मी हाक मारली. "झालं. खूळ संपलं माझं. ये, बस इथे."

ती स्वयंपाकघरातून आली. यायला खूप वेळ लागला. तिचं कपाळ घामाने भिजलं होतं, केस विस्कटले होते. टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत ती बसली. आमच्यामध्ये लाकडाचं टेबल, दोन कप आणि ती वही.

मी हात पुढे केला. तिने तो बघितला नाही.

तिने कपाळावर आडवा तळहात धरला, डोळे बारीक केले आणि माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीतून अर्धवट उठली. मान वर केली, आणि सगळी ताकद लावून ओरडली.

"नीरज! तुझ्या बाजूला कोण उभं आहे? इथून नीट दिसत नाहीये!"